दुप्पट मीठ

सहा वर्षांत रेनाताचा पहिला फोन आला, तोही गाडीसाठी. "बाबा, मागच्या चाकांतून करकर आवाज येतोय. गॅरेजवाले दोन आठवडे थांबा म्हणतात." बघा, गॅरेजवाल्याने हात वर केले तेव्हा बाप आठवला! तरी मी हत्यारं घेऊन धावलोच.

तिची आई गेली त्या सकाळी एरी सरोवरावरून बर्फाचं वादळ आलं होतं आणि मी नगरपालिकेच्या मिठाच्या ट्रकवर होतो, रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकत. दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. रेनाताने मला दार बंद केलं ते कायमचं. पण तिची उताराची गल्ली माझ्याच वाटणीची. हिवाळाभर रोज सकाळी तिच्या दारासमोर मी ट्रक हळू करायचो आणि मीठ दुप्पट सोडायचो. रेनाता आणि तिची लेक घसरू नयेत म्हणून. नात, टेसा, ट्रकमध्ये कोण आहे हे माहीत नसतानाच खिडकीतून हात करायची. माझं आजोबापण तेवढंच.

चाक काढलं. ब्रेकची डिस्क गंजून अशी चिकटलेली की हातोड्याने ठोकून सुटली. ब्रेकच्या नळीला पाना लावला, तर ती बिस्किटासारखी हातात तुटली. या नळीच्या भरवशावर टेसा रोज शाळेत जात होती!

"अगं, गाडी खालून धुतेस का? थंडीआधी गंज लागू नये म्हणून तेल मारून घेतेस?"

"दोन्ही करते. मिठाने गल्लीत सगळ्यांच्याच गाड्या सडल्यात. कोण मेला एवढं मीठ ओततो, कुणास ठाऊक!"

मी मूर्ख. वाटलं, आज तरी तिला कळू दे. "मीच," म्हणालो. "तुमच्यासाठी."

ती पायरीवरून उठली. "आईपाशी यायला तुम्हाला वेळ नव्हता, आणि माझ्या गाडीचे ब्रेक सडवायला रोज होता? यंदा तुमचा ट्रक या गल्लीत नको. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरा नीट टाकेल का गं?"

"हवं तेवढंच टाकेल."

नवी नळी बसवली. आतली हवा काढायला दोन माणसं लागतात. ती ब्रेकच्या पेडलपाशी बसली, मी गाडीखाली आडवा.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

अर्धा तास आम्ही एवढंच बोललो. कॉफी घेता का, असंही तिने विचारलं नाही.

सोमवारी साहेबांना म्हणालो, उताराची ती गल्ली दुसऱ्याला द्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, गुडघे दुखतात.