कांताबाईंच्या हातचा घास

बँकेत अधिकारी म्हणून बढती मिळाल्यावर सरितानं पेढे वाटले ते वाटलेच, शिवाय दोन्ही आयांना बाहेर जेवायला न्यायचं ठरवलं. एक तिची स्वतःची आई, पवनारच्या कांताबाई. दुसरी सासू, सेलूच्या कोकिळाबाई. वर्ध्यात नागपूर रोडवर नवीनच एक कोरियन हॉटेल उघडलं होतं. तिथं टेबलाच्या मधोमध शेगडी असते आणि आपलं आपण भाजून खायचं असतं, असं तिनं सांगितलं.

"आपणच भाजाचं? मंग हॉटेलवाला काय करते?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"तो पाह्यते," त्यांचा मुलगा अंकुश म्हणाला, आणि सगळे हसले.

कोकिळाबाईंचे यजमान रूपराव काही आले नाहीत. शेतात कापूस वेचायला बाया लागल्या होत्या. कोकिळाबाई मुलाच्या गाडीत मागं बसल्या. पवनारला गाडी थांबली, कांताबाई पांढऱ्या सुती साडीत येऊन शेजारी बसल्या, दोघींनी एकमेकींची तब्येत विचारली. बघणाऱ्याला वाटावं, विहिणी असाव्यात तर अशा.

पण सहा वर्षांत कोकिळाबाई कांताबाईंच्या घरी एकदाही जेवल्या नव्हत्या. कधी गुरुवार असायचा, कधी चतुर्थी, कधी पित्त. अंकुशनं बौद्ध घरातली मुलगी पसंत केली तेव्हा त्यांनी लग्नाला आडकाठी केली नव्हती. सरिताच्या हातचं तर त्या रोज जेवत. ती आता आपल्या घरची झाली, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पवनारला मात्र ताट समोर आलं की लहानपणापासून अंगात मुरलेलं काहीतरी आडवं यायचं आणि तोंडातून आपोआप निघायचं, "आज माहा उपास आहे जी." खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

हॉटेलात दुपारची वेळ असल्यानं गर्दी नव्हती. प्रत्येक टेबलावर छतातून पितळी नळी लोंबत होती, धूर ओढून घ्यायला. वेटरनं मसाला लावलेलं चिकन, चिमटा, कात्री आणि हिरव्या पानांची टोपली आणून ठेवली. वाट्यांमध्ये कोबीचं तिखट लोणचं, लाल मिरचीची चटणी, लसूण.

"कात्री कायले?" कांताबाईंनी विचारलं.

"चिकन कापाले, मम्मी," सरिता म्हणाली. वेटरनं समजावून सांगितलं. भाजलेला तुकडा पानात ठेवायचा, वर चटणी, मग पान दुमडून अख्खा घास तोंडात. कोरियात ज्याचा मान ठेवायचा त्याला असा घास आपल्या हातानं बांधून देतात, असंही तो म्हणाला.

सरितानं चिकन जाळीवर टाकलं. चर्र आवाज झाला, खमंग वास सुटला. कोकिळाबाईंनी पहिला तुकडा नुसताच खाल्ला, दुसरा चटणी लावून. लोणचं त्यांना इतकं आवडलं की वाटी त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली. सगळं मजेत चाललं होतं. तेवढ्यात सरिताच्या साडीवर चटणी सांडली, ती धुवायला उठली. अंकुशला कामाचा फोन आला, तो बाहेर गेला. टेबलाशी दोघीच उरल्या.

कांताबाईंनी चिमटा हातात घेतला. तुकडे उलटवले, कात्रीनं बारीक केले. मग तळहातावर पान घेऊन त्यात दोन तुकडे, लसणाची पाकळी आणि थोडी चटणी ठेवली, नीट दुमडलं आणि कोकिळाबाईंसमोर धरलं.

"घ्या ईनबाई."

"नको जी, मले पित्त..." कोकिळाबाई बोलून गेल्या आणि तिथंच थांबल्या. समोरची ताटली त्यांनी आत्ताच चाटूनपुसून संपवली होती.

कांताबाईंनी हात मागं घेतला नाही की आवाज चढवला नाही. घास हळूच कोकिळाबाईंच्या ताटलीत ठेवला.

"पित्त फक्त माह्याच हातानं होते का?"

जाळीवर एक तुकडा करपायला लागला. कांताबाईंनी तो बाजूला काढला.

"पह्यल्यांदा तुमी आमच्याकडं आल्या तवा मी हिरवागार सांबार चिरून सांबारवड्या केल्या होत्या," कांताबाई म्हणाल्या. "तुमी म्हणलं, उपास आहे. तर सरिताचे बाबा भर उन्हात स्टँडवर गेले, तुमच्यासाठी केळं आणाले. तुमी गेल्यावर रात्री मले म्हणे, 'कांता, त्या बाईले उपास नाई.' मी म्हणलं, माहीत होतं तं कायले गेले? म्हणे, 'पाहुणी उपाशी कशी जाऊ द्याची?'"

सरिताच्या बाबांना, बाबारावांना, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या दिवशीचा त्यांचा घामानं भिजलेला सदरा कोकिळाबाईंना आठवला. केळी आपण सोलून खाल्ली होती, आणि मनात सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही आठवलं.

"सरिताले माहीत आहे?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"मी नाई सांगतलं. तिचा संसार आहे. पण ते खुळी नाई."

कोकिळाबाईंनी ताटली जवळ ओढली. "मले उपास नव्हता," त्या म्हणाल्या. "कवाच नव्हता. तुमच्या घरी पाऊल टाकलं का मनात येच ते. मले लाज वाटे, तरी येच."

"आता?"

"आता लाजच वाटून राह्यली."

त्यांनी तो घास उचलला आणि तोंडात टाकला. पान गार झालं होतं, लसूण झोंबला, डोळ्यांत पाणी आलं. ते लसणाचं की आणखी कशाचं, कांताबाईंनी विचारलं नाही. पाण्याचा पेला तेवढा पुढं सरकवला.

मग कोकिळाबाईंनीही एक पान घेतलं. त्यांच्याकडून चिकन जास्त भरलं गेलं, दुमडताना पान फाटलं, चटणी मनगटावर ओघळली. तसाच तो चेंदामेंदा त्यांनी विहिणीपुढं धरला. कांताबाईंनी खाल्ला.

"मीठ नाई," त्या म्हणाल्या.

सरिता परतली तेव्हा दोघी जाळीवर वाकून कुठला तुकडा झाला यावर वाद घालत होत्या. सासूचे लाल डोळे तिनं पाहिले, आईकडे पाहिलं, आणि काही न विचारता आणखी एक प्लेट मागवली.

निघताना गाडीपाशी कोकिळाबाई म्हणाल्या, "येत्या रविवारी येऊ का मी तुमच्याकडं? जेवाले."

कांताबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. पदर सारखा केला. सहा वर्षं काही एका घासानं भरून निघत नाहीत, हे दोघींनाही कळत होतं.

"रविवारी आमच्या विहारात कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या. "बुधवारी येजा."

बुधवारी कोकिळाबाई एकट्याच बसनं पवनारला उतरल्या. रूपरावांना त्यांनी खरं ते सांगितलं होतं, ईनबाईकडं जेवाले चालली. ते बसपर्यंत सोडायला आले, जे ते कधी येत नसत. कांताबाईंनी खास असं काही केलं नव्हतं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. दोघी स्वयंपाकघरातच खाली बसल्या. कोकिळाबाईंनी पहिला घास तोडला तेव्हा त्यांचा हात जरासा थांबला. कांताबाईंनी ते पाहिलं आणि तव्याकडे वळून दुसरी भाकर टाकली.

"गरम देऊ का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"द्या," कोकिळाबाई म्हणाल्या. "पण अर्धी तुमी घ्या."