पाचवी फेरी

मुलांनो, जरा मागे सरकून बसा आणि अशी कल्पना करा, की तुमच्यासमोरचा हा म्हातारा माणूस नसून उत्प्रेरक आहे. कल्पना करणं जड जात असेल तर राहू द्या. मी उत्प्रेरकच आहे. एका सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत झालो. तेव्हा माझं वजन बासष्ट किलो चारशे ग्रॅम भरलं.

उत्प्रेरक म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. तो जवळच्या पदार्थांमधली क्रिया झटपट घडवतो आणि स्वतः होता तसाच उरतो. तीस वर्षं मी मँगनीज आणि कोबाल्टची संयुगं वापरून ऑक्सिडीकरणाचा वेग वाढवत आलो. त्या सोमवारपासून जो माझ्या हाताच्या अंतरावर बसे, तो तासाभरात गंजून जाई.

आमच्या कामात एक रीत आहे. उत्प्रेरक पाच वेळा वापरून दाखवावा लागतो. प्रत्येक फेरीनंतर तो धुवायचा, वाळवायचा, तोलायचा आणि पुन्हा वापरायचा. पाच फेऱ्या भरल्याशिवाय शोधनिबंध कोणी छापत नाही. म्हणून आमच्या विभागप्रमुख साळगावकर मॅडमनी फळ्यावर माझ्यासमोर बसणाऱ्यांची यादी लिहायला घेतली.

पहिल्या तीन फेऱ्यांत भांडारातले पाटकर आणि दोन संशोधक विद्यार्थी संपले. समोरच्या स्टुलावर तांबूस भुकटी उरे. मॅडम ती ब्रशने बाटलीत भरत आणि बाटलीला चिठ्ठी लावत. मग मला धूत, ओव्हनमध्ये वाळवत, तोलत. बासष्ट किलो चारशे. दर फेरीला खोली फरशीच्या दोन ओळींनी आखूड होई. रसायनांची कपाटं तिसऱ्या फेरीतच भिंतीत गेली.

चौथ्या फेरीला माझ्या सहकारी केळशीकरबाई बसल्या.

“सर, कोपर करकरायला लागलं हो.”

“तेल घालू?”

“नको, साडीला डाग पडतील.” त्या हसल्या आणि गालाचा पोपडा मांडीवर पडला. “माझ्या शलाकाला तेवढं सांभाळा.”

मी हो म्हणालो. थोड्या वेळाने स्टुलावर साडी उरली.

मॅडमनी फळ्यावर पाचवं नाव लिहिलं. शलाकाचं.

“ती नऊ वर्षांची आहे,” मी म्हणालो.

“मग लवकर होईल.”

“तुम्ही बसा ना.”

“आणि नोंदी कोण ठेवणार, टेंभेकर? तुम्ही?”

मला उठून जाता येत नव्हतं. उत्प्रेरक आपणहून भांड्याबाहेर पडत नाही. पण त्याला निकामी करता येतं. गंधक धातूला चिकटून बसतं आणि उत्प्रेरक कायमचा मरतो. मला थोडंसं गंधक हवं होतं, बाकी काही नको होतं.

शाळा सुटल्यावर शलाका आईला शोधत आली. दारापासून माझ्यापर्यंत आता सहा फरशा उरल्या होत्या.

“आजोबा, आई कुठे गेली? तिने डबा खाल्लाच नाही. बाहेर बाकावर तसाच होता.”

“त्यात काय आहे?”

तिने डबा उघडला. “पोळी. आणि उकडलेलं अंडं.”

अंड्यात गंधक असतं, मुलांनो. फार नसतं, पण असतं.

“शलाका, आत पाऊल टाकू नकोस. ते अंडं फरशीवरून माझ्याकडे घरंगळत सोड.”

“खाली? खायची वस्तू?”

“आज चालेल.”

“आई ओरडेल मला.”

“नाही ओरडणार. सोड, बाळ. आणि मग घरी पळ.”

ती विचार करत उभी राहिली. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. दारापासून माझ्यापर्यंत आता चार फरशा होत्या.

शलाकाने चपला बाहेर काढल्या. अंडं सोललं, टरफलं फ्रॉकच्या खिशात घातली, अंडं डब्याच्या झाकणात ठेवलं आणि ते घरंगळू नये म्हणून झाकण दोन्ही हातांनी धरून ती माझ्याकडे चालत निघाली.