केबलमधला करंट आणि चंद्राबाईंचं सारवण

मी एक जुना टेस्टर आहे. माझी पिवळी मूठ तडकली आहे, पातं बोथट झालं आहे, पण पोटातला इवलासा दिवा अजून ठणठणीत आहे. मित्रांनो, हे आधीच सांगतो, कारण आमच्या शेजाऱ्याने मला चारचौघांत खोटारडा म्हटलं होतं. त्याचा राग मला अजून आहे आणि तो मी लपवणार नाही.

टोकावड्याच्या बारकूदादा वायरमननी १९९१ साली मला मुरबाडच्या बाजारातून आणलं. आसपासच्या पाड्यांवर वीज आली तेव्हा मी त्यांच्या खिशात होतो. माझं टोक वायरीला, बोट माथ्यावरच्या टोपीला. दिवा लागला की करंट आहे, इतकं सोपं काम. "याला इचारल्याबिगर वायरीला हात लावायचा नाय," असं ते सुनेला, पौर्णिमाला, बजावत. त्यांच्या बायकोला, चंद्राबाईंना, मात्र माझं कौतुक म्हणजे नसते लाड वाटत.

दादा आजारपणात गेले आणि मी खुंटीला लटकलो. तीन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. तोवर घरोघर केबल आली होती. एकच काळी वायर कौलांवरून या घरातून त्या घरात गेलेली. टीव्हीमागे तिचं टोक धरलं की हाताला मुंग्या येत, आणि लोक चक्क हसत! मी खुंटीवर नुसता चरफडत असे.

२००४ सालच्या बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी चंद्राबाईंनी घर सारवायला काढलं. अर्धी जमीन शेणाने ओली झाली आणि टीव्ही हलवायची वेळ आली. त्यांनी टीव्हीची पिन काढली आणि अनवाणी, शेणाच्याच हातांनी त्या केबल उपसायला वळल्या.

"आई, थांबा!" पौर्णिमा ओरडली. तिने हात कोरडे केले, पायात चपला घातल्या आणि मला घेऊन थेट आत आली.

"सारवणावर चपला?" चंद्राबाई कडाडल्या. "आन् पिन काढलीया गो. आता कुठला करंट?"

"आज चपलाच," पौर्णिमा म्हणाली. टीव्हीमागे केबलच्या आतली बारीक तारांची जाळी उघडी पडली होती. तिने माझं टोक तिथे टेकवलं. मी पेटलो, लालभडक!

आवाज ऐकून शेजारचे महादूमामा दारात आले. "बंद टीव्हीत करंट दाखवतो? खोटारडा हाय तो."

"मामा, तुमचा टीव्ही चालू हाय. केबल एकच हाय. करंट तुमच्याकडनं येतोय. पिन काढा," पौर्णिमा म्हणाली.

महादूमामांचा टीव्ही जुना, दोनदा खोललेला. त्यातला करंट केबलच्या जाळीत उतरून शेजारपाजारी फिरत होता. पण मामांना पौर्णिमाचं बोलणं झोंबलं. "माझ्या टीव्हीला नावं ठेवतेस? बघ, हात लावून दाखवतो!" रीतीप्रमाणे त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि ओल्या जमिनीवर पाऊल टाकलं.

मित्रांनो, कोरड्या पायाला ज्या मुंग्या, त्याच ओल्यात माणूस मारतात. मला ओरडता येत नाही. मी होतो तसा पेटून राहिलो.

पौर्णिमा त्यांना आडवी आली. "मला खोटी पाडायला तुमी मरायचं नाय, मामा!"

चंद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या शेणाने भरलेल्या हातांकडे. त्यांचा चेहरा उतरला. "हिरे!" त्यांनी मामांच्या बायकोला, हिराबाईला, हाक मारली. "तुझ्या टीव्हीची पिन काढ गो!"

पिन निघाली. मी विझलो. महादूमामा बाहेर गेले, आणि दुसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्तीला घेऊन गेले. केबलवाल्यानेही येऊन जोड बदलला.

तेव्हा टीव्ही हलवताना बटणावर विसंबू नका, पिनच काढा, आपलीही आणि शेजारचीही. उघड्या केबलला हात लावू नका, हाताला मुंग्या आल्या तर हसू नका, जाणत्याला बोलवा. मी याबाबतीत ऐकून घेणारा नाही.

आणि चंद्राबाई तर माझ्याही वरचढ निघाल्या. आता सारवणाच्या सकाळी त्या ओट्यावर उभ्या राहून आधी सगळ्या आळीला पिना काढायला लावतात. ऐन मालिकेत टीव्ही बंद झाले की आतून शिव्या येतात. चंद्राबाई पदर खोचून ओरडतात, "द्या शिव्या! पण जित्ती राहून द्या!"