झऱ्याजवळची गढी

त्या शरदात माझ्या नणंदेला, आर्डिथला, एका जागी बसवेना. वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या डोंगरांत माझ्या सासरच्या कोगर घराण्याच्या पहिल्या पिढीने ओंडक्यांची गढी बांधली होती. तिथल्या मूळच्या शॉनी लोकांच्या मुलखात घुसून घर केलं, तर भीती पाचवीला पुजलेली असणारच. पण ती गढी नेमकी कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आता डोंगरमाथ्यावरून गॅसची पाइपलाइन जाणार होती; त्या खोदकामात गढीच्या खुणा कायमच्या जातील, ही तिला धास्ती.

विमानातून लेझरने मोजलेले नवे नकाशे आले होते. त्यांत झाडं पुसली जातात, उघडी जमीन दिसते. आर्डिथ जेवतानाही लॅपटॉप मिटेना.

"हा बघ चौकोन! माथ्यावर!"

"डुकरं कोंडायची जागा असेल, ताई," डॉर्सी म्हणाला. माझा नवरा, तिचा धाकटा भाऊ.

तिने आम्हाला धापा टाकत वर नेलं. गंजलेली तार आणि डुकरांची दगडी दोण, एवढंच सापडलं. डॉर्सी उतरताना सारखा हसत होता.

घरी कॉफी ओतता ओतता तिचा हात थांबला. "वर पाणी कुठंय? वेढा पडल्यावर काय थुंकी गिळत बसले असतील?"

ती नकाशावर एकेक झरा बघत सुटली. एका झऱ्याशी दोन पुसट रेघा काटकोनात मिळत होत्या. पुढे नुसता खड्डा.

"डॉर्सी, हे तर तुमचं कुरण! हा खड्डा कसला?"

"गुरांसाठी तळं खणतोय ना मी. अर्धं झालंय."

"दगड निघाले?"

त्याने मान खाली घातली. "ढीगभर. काळे, जळलेले."

"चुलीचे असतील रे! कुठे आहेत?"

"ओढ्यात टाकले. ट्रॅक्टर पलीकडे जावा म्हणून."

ती बुटांच्या नाड्या न बांधताच धावली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं गारठलेल्या पाण्यातून दगड काढत होतो. उरलेल्या कोपऱ्यात गवताखाली जळक्या ओंडक्यांची काळी रेघ लागली. मग शंकाच उरली नाही.

"अर्धी तरी मिळाली, ताई," डॉर्सी हळूच म्हणाला.

"अर्धी तू उकरून टाकलीस, मेल्या."

दुसऱ्या दिवशी डॉर्सीने खणायचं यंत्र परत पाठवलं आणि त्या कोपऱ्याभोवती कुंपण घातलं. आर्डिथ मात्र अजूनही तळ्याच्या काठाने फिरते, काठीने चिखल ढवळत. जेवायला हाक मारली तरी येत नाही.