बाबांचा अर्धा फेरा

साहेब, बावीस वर्षं अंडी उबवणाऱ्या मावशींना 'हात वाईट' म्हणून नोटीस दिलीत आणि मुदत संपायच्या आधीच त्यांच्या खुर्चीत बाबा बसवलात. हे तुम्ही केलंत. बाबाचं नंतर बघू.

उबवण केंद्रात दोन खोल्या, मधे पातळ भिंत. दर अर्ध्या तासाला मावशी पारा बघायच्या. भिंतीवरच्या तक्त्याचा हुकूम असा: एक अंश कमी भरला, तर त्या खोलीच्या हीटरचा नॉब एक फेरा पुढे, जास्त भरला, तर मागे; दीड अंशाला दीड फेरा. पारा मात्र दर वेळी आणखी उसळायचा.

बाबांनी डोळे मिटले. "माय, अर्धाच फेरा दे. उरलेला अर्धा मी ध्यानातून देतो."

पारा निवला. दाराशी गर्दीनं हात जोडले. पहिले तुम्ही.

मावशींची नणंद गणिताची शिक्षिका. तिनं नोंदवही चाळली. "वहिनी, बाबांना जरा विश्रांती देऊ या."

"अगं, नोकरी जाईल माझी."

"ती तशीही चाललीच आहे."

गर्दीनं दार उघडं ठेवून दोन्हीकडचा पारा एक अंश पाडलाच होता. नणंद बाबांना म्हणाली, "आज तुमचा अर्धा देऊ नका."

"अनर्थ होईल."

"बघू की. तुम्ही चहा घ्या."

मावशींनी दोन्हीकडे अर्धाच फेरा दिला. बाबा चहा पीत होते. पारा निवला.

पुन्हा दार उघडून पारा एक अंश पाडला. "आता वहिनी दोन्हीकडे पूर्ण फेरा देतील. महाराज, ध्यान लावा. चांगलं घट्ट लावा."

अर्ध्या तासात पारा हव्या त्यापेक्षा दीड अंश वर. मावशींनी लगेच नॉब मागे घेऊन आवरलं.

नणंदेनं खडूनं भिंतीवर चार आकड्यांचा चौकोन मांडला: वर दीड, एक, खाली एक, दीड. "याला मॅट्रिक्स म्हणतात. एका फेऱ्यानं आपल्या खोलीत दीड अंश चढतो, भिंतीपलीकडे एक. दोन्हीकडे फेरा दिला की प्रत्येकीत अडीच. हवा होता एक, म्हणजे दीड जास्त. मग दीड फेरा मागे, की सव्वादोन कमी. चूक दर वेळी दीडपट. अर्धा फेरा दिला तर पावच उरते, पुढच्या वेळी त्याचीही पाव."

"मी पूर्वी बॉयलरवर होतो," बाबा कपात बघत पुटपुटले. "तिथंही लोक जास्तच पिळायचे."

लोकहो, चमत्कार दिसला की आधी बाबाला बाजूला बसवा आणि काय होतं ते बघा. एवढंच करायचं असतं.

आणि साहेब, पूर्ण फेऱ्याच्या तक्त्यावर सही तुमची आहे. मावशींची नोटीस कधी मागे घेताय? तारीख सांगा.