गुप्त ग्राहकाचं विवरणपत्र

वर्षाराणी मगदूमनं उठून पंखा बंद केला, तेव्हा कुठं बिलं उडायची थांबली. तोवर पाच-सहा बिलं कपाटाखाली गेली होती आणि त्यांच्यामागोमाग आकाराम बरगाले गुडघ्यांवर आला होता.

"काका, राहू द्या. मी पट्टीनं काढते."

"न्हाय न्हाय, आलंच हाताला," कपाटाखालून आवाज आला.

खरं तर शेवटचं बिल केव्हाच हाताला आलं होतं. पण वर येऊन बायकोच्या तोंडाकडं बघायचं त्याच्या जिवावर आलं होतं. शालू खुर्चीत ताठ बसली होती. राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानावरचं हे कर सल्लागाराचं ऑफिस. तिथवर येताना स्कूटरवर ती एक अक्षर बोलली नव्हती. फुलेवाडीपासून राजारामपुरीपर्यंत शालू गप्प बसली, ही गोष्ट चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच घडत होती.

प्रकरण सुरू झालं ते चार दिवसांपूर्वी. प्राप्तिकर खात्याचा मेसेज आला तो शालूच्या फोनवर, कारण नोंदणी करताना आकारामचा फोन बंद पडला होता आणि त्यानं तिचा नंबर दिला होता. आपल्या विवरणपत्रात ब्याण्णव हजार सहाशे रुपयांचं उत्पन्न दाखवलेलं दिसत नाही, असं त्यात होतं. शालूनं तो मेसेज तीनदा वाचला आणि ताटात आमटी वाढता वाढता विचारलं,

"ब्याण्णव हजार कुणाला दिलासा?"

"दिले न्हाईत. मिळालेत," आकाराम म्हणाला. बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे जास्तच वाईट झालं.

"कुणाकडनं?"

"ते सांगता येत न्हाय."

त्यानंतर चार दिवस घरात ताटं-वाट्यांचाच काय तो आवाज होता. आज सकाळी तो बिलांची पिशवी घेऊन निघाला, तर शालू आधीच साडी नेसून स्कूटरपाशी उभी. "मी बी येतो," एवढंच म्हणाली.

अखेर आकाराम कपाटाखालून बाहेर आला, पँटीची धूळ झटकून बसला.

"आता सांगा," वर्षाराणी म्हणाली. ती तिशीची, हुशार आणि घाईतली मुलगी होती. "हे पैसे कशाचे? कळल्याशिवाय मला सुधारित विवरणपत्र भरता येणार नाही."

आकारामनं घसा खाकरला. "तुम्ही त्रयस्थ व्यक्ती का?"

"मी तुमची कर सल्लागार."

"आणि ही?"

"ही तुमची बायको," वर्षाराणी म्हणाली. शालूनं पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

आकारामनं शर्टाच्या आतून अकरा पानांचा करार काढला. आयुष्यभर एका सूतगिरणीत त्यानं टाइमकीपरची नोकरी केली होती. कोण किती मिनिटं उशिरा आला हे लिहिण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळं कागदावर जे लिहिलंय ते तसंच पाळायचं, हा त्याचा धर्म होता. करारात चौथ्या पानावर लिहिलं होतं, की कामाचं स्वरूप त्रयस्थ व्यक्तीस उघड करू नये. त्यानं पुष्कळ विचार केला होता. बायको दुकानाची माणूस नव्हे आणि कंपनीचीही नव्हे, म्हणजे त्रयस्थच. तसा विचार केला तर सरकारही त्रयस्थ. म्हणून त्यानं बायकोला सांगितलं नाही, आणि विवरणपत्रातही लिहिलं नाही. गुप्त म्हणजे गुप्त.

वर्षाराणीनं चौथं पान वाचलं, मग पाचवं वाचलं, आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"काका, त्रयस्थ म्हणजे ज्या दुकानात जाल तिथली माणसं, असं पाचव्या पानावर लिहिलंय. तिथं ओळख देऊ नका, एवढंच आहे हे. घरच्यांना सांगू नका असं कुठं नाही. आणि सरकारपासून लपवा असं लिहायची कुणाची छाती नाही."

"कुठंच न्हाय?"

"कुठंच नाही."

आकाराम कराराकडं असा बघत राहिला, जणू तीस वर्षांचं हजेरीपत्रक चुकीचं निघालंय. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. निवृत्तीनंतर दोन महिने घरात बसून त्याला घड्याळ खायला उठलं होतं. मोबाइलवर जाहिरात दिसली. मुंबईची एक कंपनी होती. तिच्यासाठी साधं गिऱ्हाईक म्हणून दुकानात, हॉटेलात जायचं. आत गेल्यापासून किती मिनिटांनी कुणी बोललं, पाणी कधी आलं, पोरगा हसला का, टेबल पुसलं का, हे मनात ठेवायचं आणि घरी येऊन कंपनीला लिहून पाठवायचं. खरेदीचे पैसे कंपनी परत द्यायची, वर भेटीला चारशे रुपये.

"म्हंजे हेर," शालू म्हणाली. स्कूटरवर बसल्यापासूनचा तिचा हा पहिला शब्द.

"गुप्त ग्राहक म्हणत्यात."

वर्षाराणीचं लक्ष एव्हाना आकड्यांत गेलं होतं. "तरीच. कंपनीनं खरेदीचे पैसेसुद्धा तुमची फी म्हणून दाखवलेत आणि सगळ्यावर दहा टक्के कर कापलाय. भेटी किती झाल्या?"

"साठ."

"म्हणजे तुमची फी चोवीस हजार. बाकीचे अडुसष्ट हजार सहाशे हा खर्च, तो वजा होईल. कापलेला कर परत मिळेल बघा. फक्त प्रत्येक बिल कंपनीच्या यादीशी जुळलं पाहिजे. काका, तुम्ही बिलं वाचा, मी टिक करते."

"मी वाचतो," शालू म्हणाली आणि गठ्ठा आपल्याकडं ओढला.

तिनं चष्मा लावला. पहिलं बिल उजेडाकडं धरलं. "गेल्या वर्षीचा एप्रिल, तेरा तारीख. लेडीज चप्पल. साडेआठशे."

"भेट क्रमांक एक," वर्षाराणी म्हणाली.

शालूनं खाली आपल्या पायांकडं बघितलं. त्याच चपला पायांत होत्या. पाय तिनं खुर्चीखाली घेतले.

"मे, नऊ तारीख. हायवेवरचं एसी हॉटेल. दोन स्पेशल थाळ्या, दोन आइस्क्रीम." तिनं बिल खाली घेतलं. "आपल्या लग्नाचा वाढदिवस."

"भेट क्रमांक सात," वर्षाराणी यादी बघत म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

बिलं पुढं सरकत राहिली. मॉलमधला सिनेमा, चष्म्याचं दुकान, पिझ्झा. पिझ्झा शालूला आवडला नव्हता, तरी हा माणूस हौसेनं घेऊन आलाय म्हणून तिनं तो अख्खा संपवला होता. निवृत्त झाल्यावर नवरा सुधारला, असं तिनं भिशीच्या बायकांना सांगितलं होतं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. आकाराम टेबलाच्या कडेवरचा डाग नखानं खरवडत होता. तो डाग नव्हता, लाकडाचीच गाठ होती.

अचानक शालू थांबली.

"दर खेपेला मला म्हणायचासा, बाथरूमला जाऊन ये जा, पायपुसणं हाय का बघ, साबण हाय का बघ."

आकारामचं नख लाकडाच्या गाठीवरच थांबलं.

"मला वाटायचं, मला साखर हाय म्हणून काळजी करत्यात. म्हणून मी न लागता बी जायचो."

"बायकांच्या बाजूला मला जाता येत न्हाय," आकाराम हळूच म्हणाला. "प्रश्न क्रमांक एकोणीस होता तो."

वर्षाराणीनं ड्रॉवर उघडला आणि त्यात तोंड घालून स्टेपलर शोधायला लागली. स्टेपलर समोरच टेबलावर होता. हसू आवरल्यावर तिनं यादी पुन्हा हातात घेतली आणि घाईघाईनं पुढची नोंद वाचली.

"या भेटीला बिल नाही वाटतं. सराफी पेढी. दागिना घालून पाहणे, खरेदी न करता बाहेर पडणे. फी चारशे."

खालच्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनची घरघर वर ऐकू येत होती.

शालूनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. सप्टेंबरातली दुपार होती ती. पेढीवरच्या पोरानं गळ्यातला साज काढून मखमलीवर ठेवला होता, आणि आकाराम म्हणाला होता, घालून तर बघ. ती आरशासमोर उभी राहिली होती. निघताना त्यानं पोराला सांगितलं होतं, पुन्हा येतो.

"पुन्हा येतो म्हणालासा," ती म्हणाली. "मी आजऱ्याला अक्काला फोन करून सांगितलंतं. दिवाळीला घेणार हाईत म्हणून."

"तसं म्हणायची लेखी सूचना होती," आकाराम म्हणाला, आणि हे वाक्य आपल्याच कानांना किती वाईट लागलं हे त्याला कळलं.

"काय लिवलासा त्यात?"

"कशात?"

"कंपनीला लिवून पाठवलासा न्हवं? त्यात. वाचा."

आकारामनं मोबाइल काढला. बोट दोन-तीनदा चुकीच्या जागी पडलं. मग खाली मान घालून, हजेरी वाचावी तशा सपाट आवाजात त्यानं वाचलं, "प्रवेशानंतर तीन मिनिटांनी स्वागत. विक्रेता नम्र. पाणी दिले, चहा विचारला नाही. दागिना सोबतच्या महिला ग्राहकाने अकरा मिनिटे घातला. दागिना महिलेस फार शोभून दिसत होता, परंतु विक्रेत्याने तसे एकदाही सांगितले नाही. दहापैकी चार गुण."

शालूनं चष्मा उचलला, पदरानं पुसला. बराच वेळ पुसला.

"चारच?" ती म्हणाली.

"सांगायला पाहिजे होतं त्यानं."

"त्यानंच?"

आकारामनं मोबाइल खिशात ठेवला. खिशातून काढला आणि पुन्हा ठेवला.

शालू वर्षाराणीकडं वळली. आवाज आता नेहमीच्या पट्टीत आला होता, म्हणजे खालच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू जाईल असा. "मला सांगा बाई, साबण मी बघितला, चप्पल मी घालून बघितली, पिझ्झा मी गिळला. मग ह्या चोवीस हजारांत माझा पगार किती?"

"काकू, नवऱ्यानं धंद्यातनं बायकोला पगार दिला तर तो त्याच्याच उत्पन्नात धरतात," वर्षाराणी म्हणाली. "तिच्याकडं त्या कामाचं शिक्षण किंवा खास ज्ञान असेल तर गोष्ट वेगळी."

"चौतीस वर्षं ह्यांच्या घरात हाय मी. चुका काढायचं ज्ञान आणि किती पाहिजे?"

"त्यापेक्षा तुम्हीच कंपनीत नाव नोंदवा की. पॅनकार्ड आहे?"

"हाय की. बचत गटाला काढलतं." शालूनं पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "ह्यांनी त्या हायवेच्या हॉटेलाला नऊ गुण दिले असतील बघा. तिथं कढी फुटल्यागत होती."

"साडेआठ," आकाराम म्हणाला.

मग काम भराभर झालं. शालू वाचत गेली, वर्षाराणी टिक करत गेली, मधूनच शालू "ह्याला पाच सुद्धा देऊ नगा" असं म्हणायची आणि आकाराम "दिलेत की आता" म्हणायचा. बारा वाजता यादी संपली. साठच्या साठ भेटी जुळल्या. तरी टेबलावर एक बिल उरलं.

वर्षाराणीनं ते उलटसुलट करून पाहिलं. "ऑगस्ट, एकवीस. हॉटेल. एक साधी थाळी, एकशे ऐंशी रुपये. काका, हे यादीत कुठंच बसत नाही."

"ते राहू दे," आकाराम म्हणाला आणि हात पुढं केला. पण बिल शालूनं आधी घेतलं.

"ह्यो दिवस मला चांगला ध्यानात हाय," ती म्हणाली. "कसला चिकटपणा केलासा त्या दिवशी! एकच थाळी सांगितलासा. मी म्हटलं, जेवा की, तर म्हणालासा, पित्त झालंय. सगळी माणसं बघत होती. मला घास गिळंना झालता. पुन्हा ह्यांच्यासंगं यायचं न्हाय, असं ठरवलंतं मी." तिनं बिल खाली ठेवलं. "ह्याचे पैसे का दिले न्हाईत कंपनीनं?"

"ती भेट रद्द झालती."

"कधी?"

"सकाळीच. फोन आलता." आकाराम खिडकीतनं बाहेर बघत होता. "पण तू तयार होऊन पायरीवर बसलीवतीस. केसांत गजरा घातलावतास. मग काय सांगणार? खिशात दोनशे रुपये होते. एकाची थाळी होत होती."

वर्षाराणीनं पेन उचललं. "म्हणजे खासगी खर्च. याला सूट मिळत नाही. काढून टाकते मग."

"काढा," आकाराम म्हणाला.

शालू अजून त्याच्याकडं बघत होती. "पित्त नव्हतं?"

"न्हाय."

"मग त्या दिवशी उपाशीच ऱ्हायलासा?"

"घरी आल्यावर तू टीव्ही लावलास. तवर टोपलीतल्या दोन भाकऱ्या खाल्ल्या की. शेंगदाण्याची चटणी होती."

शालूच्या चेहऱ्यावर काहीतरी झरझर बदलत गेलं. ती एकदम उठली. पॅनकार्ड पर्समध्ये टाकलं, वर्षाराणीला "येतो बाई, सही लागली तर फोन करा" म्हणाली आणि जिना उतरायला लागली. आकाराम पिशवी सावरत मागं धावला.

खाली त्यानं स्कूटर सुरू केली. शालू मागं बसली. तिचा हात नेहमीसारखा स्टेपनीवर न जाता त्याच्या खांद्यावर आला.

"सरळ घरीच जायचं न्हवं?" आकारामनं विचारलं.

"आदी अंबूबाईच्या दारात थांबवा."

"शेजारच्या? तिच्यासंगं तू बोलत न्हाईस न्हवं? सव्वा वर्ष झालं."

"म्हणूनच," शालू म्हणाली. "त्या दोन भाकऱ्यांपायी तिच्या मांजराला मी चोर म्हटलंतं."