चादरीच्या कडेची बोटं

फोटोग्राफरबाईंनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि कुणाला न विचारता भिंतीवरची तसबीर खाली काढली. तिच्यामागे भिंतीचा मूळ रंग चौकोनापुरता शाबूत होता.

"अहो, फोटो रविवारी ना?" वहिनी म्हणाल्या. "आज नुसतं ठरवायचंय म्हणालात."

"ठरवायलाच काढलीय. जुना फोटो बघितल्याशिवाय मी नवा काढत नाही. कोण कोणाला चिकटतं, कोण अंग चोरतं, सगळं त्यात असतं."

दादांना हे पटलं. आपला तरुणपणीचा फोटो कुणी निरखून बघितलेला त्यांना नेहमीच पटे. फोटोत त्यांचे आईवडील खुर्च्यांवर होते, मागे दादा आणि नव्या नवरीच्या रुबाबात वहिनी. सगळ्यांच्या पाठीशी भिंतीचे पोपडे झाकायला ताणून धरलेली पांढरी चादर.

रविवारचं वहिनींनी ठरवून टाकलंच होतं. सगळे निळ्यात. मुलगा, सून, मांडीवर नात. कोण कुठे उभं राहणार त्या जागी फरशीवर चिकटपट्टीचे तुकडेही लागले होते. खिडकीशी दादांची धाकटी बहीण नातीच्या निळ्या फ्रॉकचा घेर दुमडत बसली होती. साठी उलटली तरी तिला सगळे बेबीच म्हणत. म्हाताऱ्या बाईला बेबी म्हणायचं आणि कामं मात्र मोठ्या माणसाची सांगायची, अशी या घराची रीत.

"वन्सं, उरलेल्या कापडाची उशीला खोळ करा," वहिनी म्हणाल्या. मग फोटोग्राफरबाईंना, "यांना तुमच्या कॅमेऱ्याशेजारी उभं करायचं. खुळखुळा वाजवतील. आमची छोटी यांच्याशिवाय कुणाला दाद देत नाही."

फोटोग्राफरबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं होतं.

"ही बोटं कुणाची?"

सगळे वाकले. चादरीच्या डाव्या कडेला, अगदी वर, चार बोटं दिसत होती.

"खांबाची असणार," दादा म्हणाले. "माझा मित्र. उंच होता."

"बोटं बारीक आहेत."

"खांबही बारीकच होता."

"मधल्या बोटावर काहीतरी चमकतंय. अंगठी वाटते."

"मग खांब नव्हे," वहिनी म्हणाल्या. "त्याला अंगठी घालायला कोण बसलं होतं!"

"माळ्यावरचा भाडेकरू असेल."

"तो कशाला आपली चादर धरेल? आपण त्याच्याशी बोलत तरी होतो का?"

सुनेने भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं.

"अंगठी नाही ही. बोटाचं टोकच झाकलंय. टोपी घातल्यासारखं."

आणि तिने मान वर केली. खिडकीशी सुई वरखाली होत होती. ती रेटणाऱ्या मधल्या बोटावर अंगुस्तान होतं, पत्र्याचं, जुनं, उन्हात चमकणारं.

"बेबे," दादा म्हणाले, "तू होतीस का तेव्हा?"

"छे. मी कुठली असायला? चादर आपली आपण उभी होती."

सुई थांबली.

"वहिनींची बाही उसवली होती. फोटोवाला घाई करत होता. टाके घातले आणि धावले चादरीला. अंगुस्तान काढायचं राहिलं."

इतकी वर्षं ती तसबीर लख्ख होती. कारण ती पुसणारी बाई रोज स्वतःचीच बोटं पुसत होती आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. हिला सोशिक म्हणायचं ते ज्यांची सोय होते त्यांनी. तिला कुणी विचारलंच नव्हतं, एवढीच भानगड होती.

"मग रविवारी तुम्ही..." फोटोग्राफरबाई म्हणाल्या.

"खुळखुळ्याचं ठरलंय ना," वहिनी म्हणाल्या, पण आवाज पहिल्यासारखा चढला नाही.

फोटोग्राफरबाईंनी चिकटपट्टीचा आणखी एक तुकडा फाडला आणि बोटाच्या टोकावर धरून त्या उभ्या राहिल्या.

बेबीने दोरा दाताने तोडला. फ्रॉक झटकून घडी घातली. मग उरलेलं निळं कापड हातभर ताणून उजेडात धरलं.

"वहिनी, याची खोळ नाही व्हायची."

"का? भरपूर आहे की."

"ब्लाउजला लागेल."

"कुणाच्या?"

तिने गळ्यातली मापाची टेप काढली, एक टोक खांद्यावर दाबलं आणि दुसरं सुनेपुढे केलं.

"धर गं पाठीमागून. मला माझं घेता येत नाही."

सून उठली. दादांनी टेबलावरचा खुळखुळा उचलला, एकदा हलवून बघितला. सतरंजीवर खेळणाऱ्या नातीने त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. वहिनी तसबीर हातात घेऊन खिळा शोधत राहिल्या. खिळा भिंतीतच होता.